तो कुत्रा कोनाचा?

फेब्रुवारी 2021. दुसऱ्या लाटेत राज्यात सगळ्यात आधी कुलूप लागलं ते अमरावती आणि अचलपूरला. अकोलाही मागे राहिला नाही. 'अमरावतीचा विषाणूच वेगळा' अशी चर्चा टीव्हीवर सुरू झाली आणि पुण्याचा मावसभाऊ आमच्याशी बोलताना फोनसुद्धा तोंडापासून लांब धरू लागला. असल्या मुहूर्तावर मी जॉन कारपेंटरचा 'द थिंग' लावला.

अंटार्क्टिकाच्या तळावर बारा माणसं. बर्फातून सुटलेला परग्रहावरचा जीव कुत्र्याच्या रूपात आत शिरतो आणि एकेकाची हुबेहूब नक्कल करू लागतो. कोण खरा, कोण खोटा? कर्ट रसेल बाकीच्यांना बांधून घालतो आणि प्रत्येकाच्या रक्ताला तापलेली तार लावून बघतो.

आमच्या गल्लीत तारेचं काम नव्हतं. ठसका लागायचा अवकाश, शेजारच्या गच्चीवरून काका हजर.

"काहून खोकलून रायले भाऊ?"

"ठेच्याचा ठसका हो."

"ठेचा केला कोनं? वहिनी तं माहेरी हायेत न!"

अँटिजेन चाचणी त्यानंतरची.

त्या बारा जणांचं चुकलं ते इथेच. संशय आला की ते गप्प बसतात, दारं लावून घेतात. वऱ्हाडात संशय मोठ्याने घेतात. तो जीव अकोल्यात आला असता तर चेहरा, आवाज, चाल, सगळं जमवलं असतं, पण "तुम्ही कोनते देशमुख? दर्यापूरचे का अकोटचे?" एवढं विचारताच घामाघूम झाला असता. घाम तसाही आलाच असता म्हणा, मे महिन्यात तिथे पारा 45 च्या पुढे जातो.

शिवाय आकाशातून काही पडणं आम्हाला नवीन नाही. लोणारला उल्का आदळून जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. लोकांनी त्यात लवणासुर बसवला, विष्णूकडून त्याचा वध करवला आणि वर दैत्यसूदनाचं देऊळ बांधून मोकळे झाले. जून 2020 मध्ये त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तर खारं पाणी मानवणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचं शास्त्रज्ञांनी सांगितलं. तोवर गावोगावच्या पारावर इतर कारणं मंजूर झाली होती.

'द थिंग' 1982 मध्ये 'ई.टी.'च्या पाठोपाठ दोन आठवड्यांनी आला आणि आपटला. लोकांना परग्रहावरचा पाहुणाही गोडच हवा होता. मला मात्र हा आवडला. शेवटी दोघंच उरतात, आजूबाजूला तळ जळतोय, आणि एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. नेमकी तेव्हाच कंपाउंडवरून काकांची मान वर आली.

"कोन बोंबलून रायलं तुमच्याकडं?"

सिनेमा आहे म्हणालो. गोष्ट सांगावी लागली, पहिल्यापासून. काकांनी मास्क हनुवटीवर घेतला.

"तो कुत्रा कोनाचा होता?"

"शेजारच्या तळावरच्या नॉर्वेवाल्यांचा."

"मंग आत घ्याच्या आधी त्यांले इचारलं काहून नाई?"

"नॉर्वेवाला स्वतःच ओरडत आला होता, तो कुत्रा नाही म्हणून. त्याची भाषा कोणाला कळली नाही. यांनी त्यालाच गोळी घातली."

काकांनी मास्क परत नाकावर चढवला.

"मंग मरा म्हना."