धामणीचे विष उतरवणाऱ्या महाराजांस

सडक अर्जुनी, जि. गोंदिया
रोवणीचे दिवस

परमपूज्य मांत्रिक महाराज यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आभार मानायला उशीर झाला, क्षमा असावी. रोवणी लागली, म्हणजे आपल्या अंगणात गर्दीचे दिवस आले. बाया दिवसभर चिखलात वाकून परे लावतात, धुऱ्यावर गवत गुडघ्याला लागते, बिळात पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत घरात येतो. देशात साप चावून होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये होतात. आपला हंगाम आणि धानाचा हंगाम एकच, हा योगायोग खासच.

आधी आपल्या यशाबद्दल अभिनंदन. आपल्या हातून माणूस सहसा दगावत नाही, असे गावोगाव सांगतात, आणि ते खोटे नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण चावली, बांधीतला दिवड चावला, तरी माणूस घामाघूम होतो, छाती धडधडते, जीव गेल्यासारखा वाटतो. आपण मंत्र म्हणता, कडुलिंबाच्या डहाळीने झाडता, आणि जे विष अंगात गेलेलेच नव्हते ते उतरवून दाखवता. एवढी खात्रीची विद्या मोठमोठ्या रुग्णालयांकडेही नाही.

कवड्या सापाचे तर आपल्यावर फार उपकार आहेत. घरात येतो, अंगावर पांढरे पट्टे मिरवतो, घाबरलेल्या डोळ्यांना हुबेहूब मण्यार दिसतो, आणि त्याला विष नसते. मण्यार चावलेला माणूस वाचवल्याची कीर्ती आपल्याला किती कवड्यांनी मिळवून दिली, याचा हिशेब कोण ठेवणार? शिवाय नाग-घोणससुद्धा कधीकधी नुसते दात लावतात, विष सोडत नाहीत. तोही चमत्कार आपल्याच खात्यावर जमा.

आपल्या तपासणीचेही कौतुक वाटते. लिंबाचा पाला चघळायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढले. डॉक्टर मंडळी बिचारी दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतात आणि वीस मिनिटे हलवत नाहीत. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली आणि रक्त पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची ताकद गेली आहे, हे कळते. एक नळी आणि एक घड्याळ. कोणालाही करून पाहता येते, कोणालाही खोटे ठरवता येते. आपल्या पाल्याला आजवर कुणी खोटे ठरवू शकले नाही.

माझ्या काकाच्या मुलासाठी आपण जी रात्र घालवली, तिचे आभार कोणत्या शब्दांत मानू? तो जमिनीवर चटई टाकून झोपला होता. मध्यरात्री पोट दुखते म्हणून उठला. पायाला सूज नाही, आग नाही, दोन बारीक ठिपके तेवढे दिसले. मण्यारीचा दंश असाच असतो, महाराज. ती फार दुखवत नाही. तिचे विष नसांच्या टोकांवर जाऊन बसते, मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आधी पापण्या मिटू लागतात, मग बोलणे जड होते, घास गिळवत नाही, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात.

त्याचे डोळे मिटू लागले तेव्हा आपण म्हणालात, विष उतरले, आता त्याला झोपू द्या.

आम्ही झोपू दिले.

मण्यारीच्या विषाने नसांची टोके एकदा नासली की लस उशिरा देऊन ती जुळत नाहीत. मग यंत्राने श्वास देत दिवस काढावे लागतात. म्हणून पहिल्या तासांना एवढे मोल. ते तास आपण मंत्रात खर्च केले. पहाटे आपण सांगितलेत, त्याची वेळ भरली होती. तेव्हापासून मी एकच गोष्ट मनात घोळवतो आहे. दवाखान्यात माणूस मेला की डॉक्टरने मारला म्हणतात, काचा फोडतात. आपल्या अंगणात मेला की नशिबाने नेला म्हणतात, आणि दहाव्याला आपल्यालाही बोलावतात. वाचलेला दरवर्षी नारळ घेऊन आपल्या दारी येतो, चार गावांत आपले नाव सांगतो. मेलेला कुठे येऊन सांगणार? माणसाचे मन वाचलेले मोजते, मेलेले विसरते. या एका खोडीवर आपली सगळी विद्या उभी आहे.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचवाच्या दंशाने कोकणातली पोरे मरताना पाहत होते. किती वाचली आणि किती गेली, दोन्ही त्यांनी लिहून ठेवले, छापले, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर लागू पडते हे दाखवून दिले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपली वही मला पाहायला मिळेल का, महाराज? गेलेल्यांचे पानही हवे.

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सापाच्या दंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यांतली, बहुतेक घरीच मेलेली. औषध नव्हते म्हणावे, तर घोड्याला थोडेथोडे विष टोचून त्याच्या रक्तातून लस काढायची युक्ती 1890च्या दशकातली आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते, आणि तिची कोरडी भुकटी खेड्यातल्या दवाखान्यातही ठेवता येते.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आपल्याला हे ठाऊक नसेल असे मानून कळवतो. मानत मात्र नाही.

एक गोष्ट मनापासून कबूल करतो. रात्री दोन वाजता दार वाजवले तरी आपण उठता. कागद मागत नाही, गोंदियाला न्या म्हणून हात झटकत नाही, घाबरलेल्या माणसाच्या उशाशी बसता. जिथे डॉक्टर जागेवर सापडत नाही, लस संपलेली असते, तिथे लोक आपल्याकडे वळतात, आणि तो दोष आपल्या एकट्याचा नाही.

म्हणूनच आता हात जोडून मागतो, आणि यात टोमणा नाही. लोक आपले ऐकतात. माझे ऐकणार नाहीत. या पावसात कुणी चावलेला माणूस आपल्या दारी आणला, तर त्याला आत घेऊ नका. करकचून आवळलेली दोरी असेल तर दवाखाना येईपर्यंत तशीच राहू द्या, डॉक्टर सोडतील. नवी बांधू नका, जखम कापू नका, त्याला चालवू नका. 108ला फोन लावा. गाडीला वेळ लागत असेल तर दुचाकीवर त्याला मध्ये बसवा, मागे आपण बसा, त्याला घट्ट धरा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. वाटेत मंत्र म्हणायचा असेल तर खुशाल म्हणा.

आपला,
ज्याच्या घरी एक चटई रिकामी आहे तो