चौथी सीट आणि पहिला नंबर

मुलुंडची बाई लोकलमध्ये शिरली की तिच्याइतकं समाधानी माणूस शोधून सापडायचं नाही. सीएसएमटीला तिला खिडकी हवी असते, ती मिळत नाही. मधली जागाही मिळत नाही. शेवटी तिघींच्या बाकावर चौथी म्हणून ती अर्धं अंग टेकवते, उरलेलं अर्धं हवेत ठेवते आणि "घाटकोपर कोण आहे?" एवढं विचारून मोबाइल उघडते. 2014 च्या जूनमध्ये वर्सोव्याची मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरला डबा चांगलाच सैल होतो, हे तिला पक्कं ठाऊक असतं. तोवर ही सीट उभं राहण्यापेक्षा बरी, एवढ्यावर ती खूश.

हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन विद्वानाला 1978 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस सगळे पर्याय तोलून त्यातला सर्वांत उत्तम निवडतो, असं अर्थशास्त्री धरून चालले होते. सायमन म्हणाला, माणसाकडे तेवढा वेळ नसतो आणि तेवढं डोकंही नसतं. पुरेसं बरं काही हाती लागलं की तो शोध थांबवतो. 1956 मध्ये त्यानं हे निबंधात मांडलं. त्याला लेडीज डब्यात बसायला मिळालं असतं तर एका फेरीत काम झालं असतं.

पण हीच बाई घरी येऊन चपला काढते आणि आई होते. मग तिला पुरेसं काही चालतच नाही. शाळा बेस्ट हवी, दातांचा डॉक्टर बेस्ट हवा, पोहण्याचा क्लास बेस्ट हवा. बाप मागे राहतात असं नव्हे. आमच्या घरी लेकीसाठी उत्तमातली उत्तम पाण्याची बाटली शोधण्याचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं तेव्हा ती छोट्या शिशूत होती. स्टीलचा दर्जा, झाकणाची रबरी चकती, स्ट्रॉमध्ये साचणारी बुरशी, सगळ्याचा अभ्यास झाला. बाटली घरी आली तेव्हा लेक मोठ्या शिशूत गेली होती. मधल्या काळात ती एका मसाल्याच्या पुड्यावर फुकट मिळालेल्या बाटलीनं पाणी पीत होती आणि अजूनही तिला तीच लागते.

क्लासेसचं तर विचारूच नका. आमच्या मजल्यावरची एक आई मुलाला चित्रकलेसाठी दर शनिवारी घाटकोपरला नेते, कारण खरे बेस्ट सर तिथे आहेत. मला दाट संशय आहे की घाटकोपरची एखादी आई त्याच शनिवारी आपल्या मुलाला मुलुंडला आणत असणार. कांजूरमार्गच्या आसपास दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडत असतील आणि दोन्ही पोरं खिडकीला नाक लावून एकमेकांकडे बघत असतील. पश्चिम रेल्वेवर हेच बोरिवली-अंधेरी चालत असेल.

हे वेड आपल्याकडे कोर्टाच्या पायऱ्याही चढून आलंय. 2010 मध्ये राज्य सरकारनं दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आणलं. सहा विषयांपैकी ज्या पाचांत जास्त गुण, त्यांचीच टक्केवारी अकरावीच्या प्रवेशासाठी धरायची. आयसीएसईचे पालक उच्च न्यायालयात गेले. जूनमध्ये तिथे निर्णय रद्द झाला, जुलैत सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला आणि तोवर अकरावीची मुलं घरी बसून आयांना कंटाळली. 2025 च्या दहावीत पैकीच्या पैकी, म्हणजे शंभर टक्के मिळवणारी मुलं 211 निघाली. पाच विषय बेस्ट, वर खेळाचे नाहीतर कलेचे वाढीव गुण. त्यांतली 113 एकट्या लातूर विभागातली, मुंबई विभागातली 8. एवढ्या बाटल्या, एवढे क्लास, एवढे शनिवार, आणि 8! पहिला नंबर एकाचाच असायचा तेव्हा निदान बाकीच्यांना निवांत हरता तरी यायचं.

तसं सगळीकडेच 'चालतंय की' म्हणणारी मी नाही. पोट कापणारा सर्जन आणि माझ्या गाडीचा मोटरमन यांच्या बाबतीत मला तडजोड नको. पण अ‍ॅबॅकस?

डोनाल्ड विनिकॉट हा इंग्लंडमधला बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यानं 1953 च्या निबंधात 'पुरेशी चांगली आई' मांडली. आईनं तान्ह्या बाळाची गरज आधी जवळजवळ पूर्ण भागवावी आणि मग हळूहळू, बाळाला सोसेल इतपत, कमी पडत जावं. त्या कमी पडण्यातूनच बाळाला कळतं की जग आपल्या रडण्यावर चालत नाही. विनिकॉटला स्वतःला मूल नव्हतं. एवढा शांतपणे विचार करायला वेळ मिळाला तो त्यामुळेच असणार. माझ्या आईनं विनिकॉट वाचलेला नव्हता. "थांब गं जरा, हात पिठाचे आहेत" हा तिचा संपूर्ण सिद्धान्त. त्यावर आम्ही तीन भावंडं वाढलो, आणि आज आमच्या मुलांचे क्लास शोधण्याइतके शहाणे झालो.

मे महिन्यात लेकीच्या उन्हाळी शिबिरात मातृदिन साजरा झाला. सगळ्या पोरांनी ताईंच्या देखरेखीखाली कार्डं केली. प्रत्येक कार्डावर एकच गुलाब, एकच चमकी आणि एकच मजकूर: 'वर्ल्ड्‌स बेस्ट मॉम'. बाहेर पडताना आम्ही साऱ्या जणी दुसरीच्या कार्डाकडे चोरून बघत होतो, की हिचा गुलाब जास्त नीट कसा रंगवला गेला. ऊन रणरणत होतं. गेटबाहेर जगातल्या पंचवीसेक सर्वोत्तम आया हात वर करून उभ्या होत्या. एकच रिक्षा आली. थांबली. रिक्षावाल्यानं आम्हा सगळ्यांकडे शांतपणे नजर फिरवली, म्हणाला, "पाचरस्ता नाही जाणार", आणि निघून गेला.