डोंगानिर्णयसिंधु

एकादशी दशमीविद्ध असेल तर उपास कोणत्या दिवशी धरावा, हे कमलाकरभट्टांनी निर्णयसिंधूत 1612 सालीच निकालात काढले. त्यानंतर सुतक, ग्रहण, अधिकमास यांवर इतकी शाई सांडली आहे की तिथे शंकेला जागा उरलेली नाही. पण इंद्रावतीपलीकडच्या साडूकडून हौसेखातर विकत घेतलेला डोंगा अलीकडे कोणत्या विधीने आणावा, याबद्दल सगळे शास्त्रकार मूग गिळून बसले आहेत. ती उणीव येथे भरून काढली आहे.

उदाहरणाला शास्त्रकार देवदत्त घेतात, आपणही घेऊ. आपला देवदत्त गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यात शिक्षक आहे, निवृत्तीला आला आहे. साडू पलीकडे, भोपालपट्टनमच्या बाजूला. देवदत्ताला नदी ओलांडायची नाही, मासे धरायचे नाहीत. संध्याकाळी पाण्यावर नुसते बसायचे आहे. गावाला हेच पटत नाही. ‘पल्याड जाचं नाही, मच्छी धराची नाही, मंग डोंगा कशाले जी गुरुजी?’ या प्रश्नाला उत्तर नाही, आणि जगभरच्या जकातवाल्यांचे घोडे नेमके इथेच अडते.

कारण आयात-निर्यातीच्या जागतिक वर्गीकरणात एकोणनव्वदावे प्रकरण जहाजांचे. 8901 मध्ये माणसे आणि माल वाहणारी जहाजे, फेरीबोटीही त्यातच. 8902 मासेमारीची जहाजे. 8903 मध्ये यॉट, करमणुकीच्या नौका, वल्ह्याच्या होड्या आणि कॅनो. म्हणजे एका खोडातून कोरलेला डोंगा आणि एखाद्या अब्जाधीशाची यॉट एका ओळीत मांडीला मांडी लावून बसतात. समाजवाद इतका सोपा दुसरीकडे कुठे झालेला नाही. पण साडूचा डोंगा पहाटे जाळे टाकतो, तेव्हा तो 8902. दुपारी तो रेशनचा तांदूळ, दोन म्हाताऱ्या आणि पाय बांधलेली कोंबडी नेतो, तेव्हा 8901. संध्याकाळी देवदत्त त्यात रिकामा बसला की 8903. जुना झाल्यावर त्यात गुरांना पाणी पाजतात. त्याला आकडा सापडला नाही.

मग करमणूक ओळखायची कशी? डोंग्यात माणसे एकामागे एक, गुडघे छातीशी घेऊन बसतात. काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. तळाशी पाणी झिरपत असते आणि मधला कोणीतरी तेलाच्या कापलेल्या डब्याने ते उपसत असतो. मोटारसायकल न्यायची तर दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकतात, आणि गाडीचा मालक ब्रेक दाबून उभा राहतो, जणू ब्रेकने नदी थांबणार आहे. यावरून लक्षण बांधता येते: ज्याचे दोन्ही हात मोकळे, तो करमणुकीचा प्रवासी. या कसोटीला आजवर फक्त तान्ही मुले उतरली आहेत.

आता पूर्वपक्ष म्हणेल, दोघेही एकाच देशात राहतात, मग जकातीची उठाठेव कशाला? मान्य. पण सिरोंचाच्या नद्यांना सरहद्द असण्याची जुनी सवय आहे. हा मुलूख 1860 साली निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्यानंतर गोदावरी-प्राणहितेच्या पलीकडे निजाम, त्याचा हाली सिक्का आणि करोडगिरी हे त्याचे जकातखाते. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर संस्थान आणि त्याचा जगदलपूरचा राजा. सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते, तिथे एका डोंग्याला तीन राजवटींचे पाणी लागायचे. हा प्रकार 1948 पर्यंत चालला. तेव्हाच्या देवदत्तापुढे खरा पेच होता, कारण नाव हा असा माल आहे की तो स्वतःच स्वतःला वाहून आणतो. आजचा 1962 चा कस्टम्स कायदाही या पेचातून सुटलेला नाही: त्याच्या व्याख्यांत जहाज हे ‘वाहन’ही आहे आणि ‘माल’ही. सकाळपासून चार फेऱ्या मारणारा डोंगा चारदा आयात होतो की एकदाही नाही, यावर दोन्ही पक्षांनी प्राण पणाला लावावेत.

इंग्रजांनाही इथे नावेचा नाद लागला होता. कापूस गोदावरीमार्गे समुद्राला न्यायचा, हे सर आर्थर कॉटन यांचे स्वप्न. वाटेत खडकांचे तीन अडथळे, त्यातला तिसरा अहेरीजवळ देवलमरीला, प्राणहितेत. बरीच वर्षे आणि बराच पैसा घालवून 1871 साली काम बंद पडले. डोंगेवाले खडक आला की डोंगा उचलून पलीकडे ठेवतात, पण हा उपाय इंजिनियरिंगच्या पुस्तकात नव्हता. पुढे 2016 साली संसदेने 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केले. त्यात वैनगंगा-प्राणहितेचा क्रमांक 109. या राष्ट्रीय जलमार्गावर उन्हाळ्यात काही ठिकाणी गुरे बसतात.

तर आज जकात नाही. देवदत्त खुशीत डोंगा घेऊन अलीकडच्या काठाला लागतो. काठावर वनरक्षक उभा.

‘हे का होय जी गुरुजी?’

‘डोंगा.’

‘मले त लाकूड दिसून राहिलं.’

वनरक्षक बरोबर आहे, आणि या ग्रंथाचा सिद्धान्तही हाच. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात कलम 2, खंड 6 लाकडाची व्याख्या करतो: पडलेले वा पाडलेले झाड, आणि कापलेले, घडवलेले किंवा कोणत्याही कामासाठी पोकळ केलेले असो वा नसो, असे सगळे लाकूड. पोकळ केलेले! कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी डोंगाच असला पाहिजे, दुसरे काही संभवत नाही. म्हणजे गडचिरोलीत कायद्याच्या दृष्टीने आधी लाकूड असते, मग नाव. कलम 41 प्रमाणे नद्या आणि त्यांचे काठ, लाकूड तरंगवण्यापुरते, राज्य सरकारच्या ताब्यात. पासाशिवाय लाकडाची आयात बंद करण्याचा अधिकारही सरकारलाच. तेव्हा देवदत्ता, टीपी, म्हणजे वाहतुकीचा पास, दाखव.

टीपीत माप लागते. लाकूड गोलाई आणि लांबीवरून घनमीटरात मोजतात. डोंग्याची गोलाई बाहेरून घ्यावी, तर आत नसलेले लाकूडही मोजले जाते. आतून वजा करावी, तर देवदत्ताने साडूला पैसे ज्या पोकळीचे दिले तीच कागदावर शून्य होते. मग वनखात्याच्या हॅमरचा प्रश्न. ओंडक्यावर हॅमरचा ठसा कापलेल्या तोंडावर मारतात. डोंग्याची दोन्ही टोके तासलेली, निमुळती. ठसा तळाला मारला तर तपासणीसाठी दर वेळी डोंगा उलटा करावा लागेल, शक्यतो माणसे उतरवून. याच भागातले सागवान 2023 साली बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराला गेले तेव्हा शोभायात्रा निघाली होती. तेही लाकूडच. पण ते पोकळ नव्हते.

डोंगा ढकलायच्या बांबूची कथा वेगळी. बांबू 2017 पर्यंत वनकायद्याने झाड होता, मग त्या व्याख्येतून वगळला गेला. 2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र तो आधीच गौण वनोपज, ग्रामसभेच्या मालकीचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावात येऊन दिले. त्यामागे देवाजी तोफा आणि गावकऱ्यांची कितीतरी वर्षांची लढाई होती. यात थट्टेला जागा नाही. थट्टा एवढीच की देवदत्ताच्या बांबूला ग्रामसभेचा पास चालेल आणि डोंग्याला वनखात्याचा लागेल. बांबू कायदेशीर आणि डोंगा बेकायदा अशी अवस्था आली तर देवदत्ताने नदीत नेमके कशावर उभे राहावे?

प्राचीनांचा आधार पाहिला तर भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरूत नौकांचे वर्गीकरण आहे. त्यातली सर्वांत लहान ‘क्षुद्रा’ 16 हात लांब आणि 4 हात रुंद. इतकी रुंद की डोंगा तिच्यापुढे क्षुद्रही ठरत नाही. पण एक वचन डोंग्याच्या बाजूने आहे: समुद्रावर जाणाऱ्या नावेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, चुंबकीय खडक ओढून घेतात. डोंग्यात एकही खिळा नसतो, कारण जोडायला फळीच नसते. ज्या जिल्ह्यात सुरजागडचा डोंगर लोखंडाचा आहे, तिथल्या सुताराने ही काळजी भोज न वाचताच घेतली.

राहता राहिला एक मार्ग. साडू या सगळ्याला कंटाळून जुलैच्या पुरात डोंग्याची दोरी सोडून देतो. डोंगा आपला आपण वाहत येतो आणि सिरोंचाच्या काठाला लागतो. आयात झाली, आयातदार कोणीच नाही. पण कायदा इथेही आधीच येऊन बसला आहे. वन अधिनियमाचे कलम 45: वाहून आलेले, काठाला लागलेले, रुतलेले किंवा बुडालेले लाकूड, कोणी हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचे. मग नोटीस निघते, तीत वर्णन असते: लाकूड, एक नग, पोकळ. दावेदाराला निदान दोन महिन्यांची मुदत. हक्काला पुरावा हवा, आणि साडूकडून पावती कोण मागतो? ती मिळाली तरी डोंगा बाहेर काढून ठेवल्याचा नियमाप्रमाणे होणारा खर्च भरल्याशिवाय ताबा नाही. दोन महिन्यांची ती मुदत नेमकी श्रावण-भाद्रपदात पडते, कचेरी नाल्यापलीकडे, आणि नाल्याला पूर. दावा दाखल करायला देवदत्ताला गावातल्या नावाड्याचा डोंगा भाड्याने घ्यावा लागतो. त्यावर हॅमर आहे का, हे वनरक्षक विचारत नाही, कारण त्यालाही पलीकडेच जायचे असते.