कुर्रर्र… आर्वी!

मुलीचं नाव आर्वी आणि अर्थ ‘शांतता’. बारशाच्या पत्रिकेवर तसं छापलंय, सोनेरी शाईत, रोमन लिपीत, म्हणजे खरंच असणार. बाजूच्या पाळण्यात तिचा चुलतभाऊ आरव. त्याचाही अर्थ ‘शांत’. ही दोन्ही शांत बाळं एकदम रडायला लागली की खालच्या मजल्यावरचे आजोबा श्रवणयंत्र काढून ठेवतात.

संस्कृतचा कुठलाही कोश उघडा. ‘आरव’ म्हणजे आवाज, आरोळी, कल्ला. बरं, कोश जड असतो, माळ्यावर असतो, नका उघडू. मराठी माणसाला त्यासाठी कोश लागतोच कशाला? पहाटे कोंबडा काय करतो? ध्यान करतो का? मौनव्रत पाळतो? आरवतो! शाळेत ‘कोंबडा आरवला’ हे वाक्य ज्यांनी पाटीवर गिरवलं, तेच आज बाप होऊन सांगतात की आरव म्हणजे शांत, ‘आम्ही सर्च केलंय’. आत्याबाई पाळण्यात वाकतात, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करतात, लगेच ‘आर्वी’ म्हणतात, पाठीत धपाटे खातात, आणि सगळ्या खुराड्यात एकालाही काही खटकत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे तर कोंबडं पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापलंय आणि तरी कुणाला जाग नाही.

उच्चाराबद्दल मात्र मंडळी फार हळवी. ‘आरवी नाही हो काकू, आऽर्वी. र अर्धा.’ समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीचा र पूर्ण आहे म्हणे. आता आपण सरला लिहितो आणि सर्ला म्हणतो, विमला लिहितो आणि विम्ला म्हणतो; मराठी जीभ मधला ‘अ’ गिळतेच. त्यामुळे अर्धा र काय आणि पूर्ण र काय, जिन्यातून हाक मारली की दोघी धावत येतात. तरी दोन्ही आयांमध्ये या रफारावरून अबोला आहे. (पत्रिकेतल्या शांततेचा एवढाच काय तो पुरावा.) त्यात अंकशास्त्रवाल्याने एकीला सुरुवातीला दोन ‘ए’ लावून दिलेत, दुसरीला शेवटी दोन ‘ई’. बालवर्गात बाईंनी ‘आर्वी’ म्हटलं की निम्मा वर्ग उभा राहतो. उरलेल्या निम्म्यात मायरा आणि कियारा आहेत, त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी.

वऱ्हाडातून आलेल्या एका मावशींनी बारशातच विचारलं, ‘पोरीचं नाव आर्वी काऊन ठेवलं? मंग धाकलीचं पुलगाव ठेवसान का?’ लोक हसले, पण मावशींचं काय चुकलं? आर्वी हे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. पुलगावहून तिथे नॅरोगेज गाडी जायची, तिला लोक ‘शकुंतला’ म्हणत. गाडीला माणसाचं नाव आणि माणसाला गावाचं. निदान त्या गाडीच्या नावाचा उच्चार सगळ्यांना येत होता.

नवी नावं जरूर ठेवावीत. सुनीता, संगीता, अनिता एकेकाळी नव्याच होत्या आणि त्यांचाही पुढे वर्गावर्गात सुकाळ झाला. पण त्या सुनीताला आपलं नाव कसं लिहायचं ते पहिलीत कळायचं. इथे मराठी घरात, मराठी आईबाप, मराठी मुलीचं नाव रोमन अक्षरांत शोधतात, रोमन अक्षरांत पसंत करतात, रोमन अक्षरांतच केकवर लिहून घेतात, आणि मग शाळेचा मराठी अर्ज समोर आला की एकमेकांकडे बघतात: ‘अगं, रफार द्यायचा ना?’ स्वतःच्या मुलीच्या नावाचं शुद्धलेखन आईबापांनी कारकुनाला विचारायचं! तो बिचारा त्याच्या मनाला येईल ते लिहितो, दाखल्यावर ‘आरावी’ उमटतं, आणि पुढे ती दुरुस्ती करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि चार खेटे. एवढा खटाटोप कशासाठी, तर म्हणे नाव ‘युनिक’ हवं होतं. निम्मा वर्ग उभा राहतोय, म्हटलं ना!

अर्थ हवा तो छापा, शांतता छापा, विश्वशांती छापा. फक्त मुलीचं नाव पत्रिकेवर एकदा देवनागरीत लिहा, आणि रफार असला तर तोही द्या. बारशाला आलेल्या आत्याला ते चष्मा लावून वाचायचं असतं.