निरोगी व्हा, आपल्या सोयीने

आमच्या कंपनीने मला निरोगी करायचं ठरवलंय, हे मला एका रविवारी दुपारी जेवताना कळलं. मोबाइल वाजला. 'तुमच्या गरजेनुसार, तुमच्या वेळेनुसार, फक्त तुमच्यासाठी!' मला आधी वाटलं, कर्ज देणारे असतील. पण खाली एचआरची सही होती आणि 'फॉर्म आज रात्री बाराच्या आत भरणे बंधनकारक' ही ओळ ठळक अक्षरांत होती. माझ्या वेळेनुसार म्हणजे कुणाच्या, ते तिथेच समजायला हवं होतं.

दुर्गहून राजनांदगावकडे गाडी निघाली की पहिलं स्टेशन रसमडा. तिथल्या औद्योगिक वसाहतीत स्पंज आयर्नचा आमचा कारखाना. नाव सांगत नाही, पगार अजून तिथूनच येतो. मी परचेसमध्ये आहे. कोविडनंतर आम्हा ऑफिसवाल्यांना हायब्रिड मिळालं, म्हणजे आठवड्यातले काही दिवस प्लांटमध्ये आणि बाकीचे भिलाईत घरून. प्लांटमध्ये असलो की घरचे फोन येतात, घरी असलो की प्लांटचे. माणूस जिथे असेल तिथून दुसरीकडचं काम करतो, अशी ही सोय आहे.

फॉर्म मोठा निगुतीने बनवलेला होता. झोप, भूक, पोट, पाठ, सगळ्यांची आस्थेने चौकशी. एक प्रश्न होता: 'तुम्हाला ताण कशामुळे येतो?' पर्याय चार: कुटुंब, पैसा, तब्येत, इतर. 'काम' हा पर्याय नव्हता. मी मुकाट्याने 'इतर'वर खूण केली. दुसऱ्या दिवशी ॲपने मला इतर कारणांनी तणावग्रस्त असलेल्यांच्या गटात टाकलं आणि संध्याकाळी सुगंधी मेणबत्ती लावून डोळे मिटून बसायला सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, वीज गेली की आपण तेच तर करतो."

मग खास माझ्यासाठी बेतलेला आहार आला. न्याहारीला ॲव्होकाडो. दुर्गच्या इंदिरा मार्केटमध्ये मी भाजीवालीला मोबाइलवरचा फोटो दाखवला. तिने तो जवळून पाहिला, लांबून पाहिला आणि निकाल दिला, "ये इहां नइ मिलय बाबू, मुनगा ले जा." शेवग्याच्या शेंगा घेऊन घरी आलो. ॲपमध्ये मुनग्याची नोंदच नाही, त्यामुळे त्या दिवशी मी उपाशी होतो असं ॲपचं मत पडलं आणि त्याने माझं अभिनंदन केलं.

ॲप दर तासाला 'पाणी प्या' असंही म्हणतं. रसमड्यात हे वाक्य जरा जपून उच्चारावं. 1998 साली, छत्तीसगड अजून मध्य प्रदेशात होतं तेव्हा, याच बोरई-रसमड्याच्या उद्योगांना पाणी पुरवायचं म्हणून शिवनाथ नदीचा तेवीसेक किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीच्या हवाली झाला होता. काठावरच्या गावांना आपल्याच नदीत जाळं टाकायची चोरी झाली आणि त्यावर देशभर ओरड झाली. नदीसुद्धा 'फक्त तुमच्यासाठी' करून देता येते, हे इथल्या लोकांनी ॲप यायच्या पुष्कळ आधी पाहिलंय.

सगळ्यात धमाल उडाली ती पावलांच्या स्पर्धेने. रोज दहा हजार पावलं, आणि मोजायला कंपनीतर्फे मनगटी पट्टा. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या धन्वंतरीने दिला म्हणून शोधलं, तर तो जपानी दुकानदारीतून आलेला निघाला. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तिथे चालण्याची हवा होती. ती पाहून एका कंपनीने 1965 मध्ये पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले, कारण आकडा भरदार वाटत होता. संशोधन नंतर झालं, आणि त्यात दहा हजारांच्या बरंच खालीही फायदा दिसतो असं निघालं. पण भरदार आकड्यावर माणसाचा जीव असतो. आमच्या एका मोठ्या साहेबांनी आपला पट्टा प्यूनच्या हातात बांधला. तो बिचारा काटाघरापासून स्टोअरपर्यंत आणि स्टोअरपासून गेटपर्यंत फायली पोचवत दिवसभर हिंडायचा. महिनाअखेरीस साहेबांना 'सर्वात निरोगी कर्मचारी' म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते फ्रेम करून आणायला प्यूनच गेला होता, म्हणजे तीही पावलं साहेबांच्याच खात्यात.

घरून काम असेल त्या दिवशी सकाळी ऑनलाइन ध्यान. कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती. माझे बाबा भिलाई स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, मूळचे नागपूरकडचे. सोफ्यावर बसून ते हा सोहळा बघत असतात. एकदा म्हणाले, "काहून रे, बसल्या बसल्या थकून राहिला का तू?" प्रशिक्षक बाई बंगळुरूहून मधाळ आवाजात सांगत होत्या, "येईल त्याला येऊ द्या, जाईल त्याला जाऊ द्या." त्याच वेळी डिस्पॅचचा फोन आला, ट्रक गेटवर उभे आहेत, गेटपासचं काय करायचं? मी फोन कानाला लावून तोंड उघडेपर्यंत डिस्पॅचवाल्याला लॅपटॉपमधला आवाज स्पष्ट ऐकू गेला. त्याने दोन ट्रक जाऊ दिले. नंतरची सगळी सकाळ ते ट्रक परत बोलावण्यात गेली. ॲपने मात्र त्या सत्रानंतर माझी शांती 'उत्तम' नोंदवली.

बाबांच्या वेळचं वेलनेस निराळं होतं. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तिच्या मागोमाग सेक्टर झाले, क्वार्टर झाले, झाडं लागली, शाळा, मैदानं आणि सेक्टर नऊचं हॉस्पिटल आलं. ताण कशामुळे येतो असं बाबांना कुणी विचारलं नाही. पण ड्यूटी संपली की ती संपायची. फर्नेस सायकलच्या कॅरिअरवर बसून घरी येत नसे. माझं ऑफिस येतं. उशाशी झोपतं आणि रात्री साडेदहाला 'एक छोटंसं काम होतं' म्हणून जागंही करतं. त्यानंतर अकरा वाजता ॲपची सूचना येते, 'तुमची झोप कमी होतेय, आम्हाला काळजी वाटते.' जागवणारा आणि काळजी करणारा एकच, फक्त खाती वेगळी.

हे माझं रडगाणं नव्हे, विलायतेतही हेच दिसलंय. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. त्यांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ॲपं, ध्यान, ताण हाताळण्याचे वर्ग वगैरे घेणारे आणि न घेणारे यांच्या मन:स्वास्थ्यात त्यांना फारसा फरक आढळला नाही. अपवाद एकच निघाला, समाजासाठी काही काम करायला मिळालेल्यांचा. मी हे एचआरच्या मुलीला सांगितलं. मुलगी भली आहे. ती म्हणाली, "सर, मला माहितीये. पण ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन भरून झालंय."

आता खरी गोष्ट. हा सगळा लवचीक, वैयक्तिक, प्रेमळ कार्यक्रम फक्त ऑफिसवाल्यांसाठी आहे. भट्टीवरच्या माणसांना पट्टा नाही, मेणबत्ती नाही, बंगळुरूच्या बाई नाहीत. हजार अंशांच्या घरातली ती भट्टी एकदा पेटली की महिनोन्महिने फिरतच राहते आणि तिच्याभोवती माणसं तीन पाळ्यांत फिरतात. मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस अंश असतं. "तुमको भी हाइब्रिड चाहिए क्या?" असं मी भट्टीवरच्या एकाला गमतीने विचारलं. तो म्हणाला, "भट्ठी ला घर ले जाहूं का, बाबू?"

त्याच्या डब्यात बोरे-बासी असते. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा, हिरवी मिरची. उन्हाळ्यात पोट थंड ठेवणारं हे अन्न छत्तीसगडची माणसं पिढ्यान्पिढ्या खातायत. 2022 च्या एक मेला तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगारांच्या सन्मानासाठी सगळ्यांनी बासी खावी असं आवाहन केलं, तेव्हा मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी बासी खातानाचे फोटो टाकले. आमच्या ॲपमध्ये मात्र ती सापडत नाही. क्विनोआ सात प्रकारचा आहे.

या माणसाला काय लागतं ते शोधायला ॲप लागत नाही, 2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा फॅक्टरी ॲक्टही पुरेसा होता. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा टेकायला बसण्याची सोय, अडीचशेच्या वर कामगार असतील तर कँटीन, दीडशेच्या वर असतील तर विश्रांतीची खोली. कायदा रुक्ष होता, पण त्यात खुर्ची होती. त्याच्याही आधी आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची साडेपाच हजार सह्यांची मागणी पुढे ठेवली आणि 1890 च्या जूनमध्ये गिरणीमालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली. या देशात कामगाराच्या तब्येतीसाठी याहून मोठी योजना झाली असेल तर मला दाखवा. ना पट्टा, ना प्रमाणपत्र, आठवड्यातला एक अख्खा दिवस! आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक तो दिवस निरोगी होण्याचे फॉर्म भरण्यात घालवतो.

वर्षअखेरीला 'अभिप्राय कळवा' आलं. मी लिहिलं की भट्टीजवळच्या विश्रांतीच्या खोलीतला पंखा उन्हाळ्यापासून बंद आहे, तो दुरुस्त करा. उत्तर चोवीस तासांत आलं, याबद्दल तक्रार नाही. पंखा मेंटेनन्सच्या बजेटमध्ये येतो, वेलनेसच्या नाही.

तेव्हा वाचकांत कुणी अशा योजनांवर सह्या करणारे असतील, तर त्यांना एवढीच विनंती. पुढच्या वर्षीच्या ॲपचे पैसे भरण्याआधी एकदा रात्रपाळीला आपल्या प्लांटमध्ये जा आणि पंखा फिरतोय का ते बघून या.