आमच्यात उघडतंय की!

"आगं, आमच्या पुतण्यानं घरातच वेबसाइट थाटलीया, कळलं का?" कुंपणावरून कढीपत्ता तोडता तोडता मावशींनी बातमी फोडली.

"कसली हो?"

"फोटूंची. धरणात गाव गेलं तशी भावकी पांगली. कोण सोलापुराकडं, कोण रायगडात, कोण ठाण्याला. समद्यांकडचं जुनं फोटू गोळा केलं आन् देव्हाऱ्याशेजारी डबीएवढा कॉम्प्युटर ठेवलाय, त्यात घातलं. ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसून बघायचं म्हनं. पर ठाण्याची जाऊ म्हंती, काय बी उघडंना. आन् ह्यो म्हंतोय, आमच्यात उघडतंय की! काल फोनवर जुंपली दोघांची."

"तो बघतो कुठून?"

"कुठनं म्हंजी? पलंगावर लोळत!"

मग उघडणारच की! पलंग, फोन आणि ती डबी, तिन्ही एकाच वायफायवर. 192.168 नं सुरू होणारा पत्ता उंबऱ्याच्या आतला. जाऊबाईंनी तोच टाकला तर त्यांचा फोन ठाण्यातल्या त्यांच्याच घरात शोधत बसणार. म्हटलं, "त्याला सांगा, बाहेरचा पत्ता घे, फोनचं वायफाय बंद कर आणि मोबाइल डेटावर उघडून बघ. घरातल्या घरात केलेली परीक्षा धरायची नाही. काही राऊटर तर असे, की बाहेरचा पत्ता घरातून उघडतच नाहीत. जगाला दिसतं आणि मालकालाच दिसत नाही."

"त्यानं राऊटरात पोर्ट का काय ते उघडून दिलंय म्हनं."

"दिलं असेल. पण राऊटरला बाहेरचा पत्ता कुठला मिळालाय ते बघितलं का? तो 100.64 ते 100.127 यांच्यामधला असला, किंवा 'माझा आयपी' शोधल्यावर दिसतो त्याच्याशी जुळत नसला, तर पोरानं कितीही पोर्ट उघडू दे, बाहेरचं माणूस पोचणार नाही. नेटवाल्यानं एकच खरा पत्ता कितीतरी घरांत वाटलेला असतो."

"आता पत्त्यात बी काटकसर!"

काटकसर नाही तर काय! जुन्या पद्धतीचे पत्ते साऱ्या जगात मिळून 430 कोटींच्या आतच. आशियाचा साठा 2011 च्या एप्रिलातच तळाला गेला. नव्या आयपीव्ही6 मध्ये पत्त्यांना तोटा नाही, पण जाऊबाईंच्या नेटलाही ते चालत असेल तरच उपयोग. नाहीतर जादा पैसे भरून पक्का पत्ता घ्यायचा, किंवा टनेल टाकायचा.

"बोगदा? कोयनेत बोगद्याला काय तोटा हाय व्हय! नवजातनं डोंगर पोखरून पोफळीला पानी न्हेलंच की."

हा बोगदा मात्र फुकटातही मिळतो. डबी स्वतःच बाहेरच्या सर्व्हरला जोडून राहते आणि पाहुणे त्याच वाटेनं आत येतात. राऊटरला हात लावायला नको. लाइट गेली की सगळं बंद, ते वेगळं. इथल्या पाण्यावर वीज करायची आणि पावसाळ्यात आपणच मेणबत्ती शोधायची!

"पासवर्ड तरी धड ठेवलाय ना?"

"ॲडमिन. जाऊच्या ध्यानात ऱ्हावा म्हनून."

"अहो मावशी!"

खरी बातमी ही. मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी 2013 साली झेडमॅप नावाचं साधन काढलं. जुन्या पद्धतीचे जगभरचे पत्ते ते एका कॉम्प्युटरवरून पाऊण तासात ठोठावून येतं. असली यंत्रं आज रात्रंदिवस फिरत असतात. जाऊबाईंच्या आधी तीच हजर होणार, आणि ॲडमिन हा शब्द त्यांच्या यादीत अगदी वर.

"मावशी, घरी गेल्यावर पहिल्यांदा पासवर्ड बदलायला लावा. दार त्यानंतर उघडायचं. मग जाऊबाईंना फोन करा, म्हणावं, आता वायफाय बंद करून बघा."

"त्यांनी कशापायी बंद करायचं?"

"बरोबर. त्यांनी नाही, पुतण्यानं."