धर्माच्या गाईचे दात

‘धर्माची गाय अन् दात का गं नाय’ असं म्हणून आपल्याकडे फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी करणाऱ्याला गप्प बसवतात. ही म्हण पाडणारा माणूस बहुधा गाय देणाऱ्यांपैकी असावा. विकतची गाय घेताना हाच समाज काय काय बघतो, ते इनामगावातून घोड नदी ओलांडून श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात गेलं की कळतं. जनावराचं तोंड उघडून दोनदाती, चारदाती की दात जुळलेले, हे आधी बघायचं. चारही सड पिळून एखादा दगडीनं बाद झालाय का ते बघायचं. धार काढताना लाथ झाडते का, पान्हा चोरते का. बैल असेल तर मारका आहे का, औतात मध्येच बसतो का, हे विचारायचं आणि उत्तरावर विश्वास न ठेवता पुन्हा स्वतः बघायचं. किंमत तेवढी रुमालाखाली बोटं दाबून ठरते, बाकी सगळी उलटतपासणी भर उन्हात आणि चारचौघांत. याच गिऱ्हाइकाला कुणी कुत्रं दत्तक देऊ केलं, की तो एकच प्रश्न विचारतो, “चावत नाही ना?” देणारा सांगतो, “छे हो, अगदी घरच्या माणसासारखं आहे.” घरची माणसं चावत नाहीत असं गृहीत धरून व्यवहार पुरा होतो. माझं म्हणणं असं, की ही रीतच उलटी आहे. धर्माच्या जनावराचे दात आधी मोजले पाहिजेत, आणि ते काम घेणाऱ्यावर न टाकता देणाऱ्यानंच तोंड उघडलं पाहिजे. कुत्र्याचं आणि स्वतःचंही.

लपवून फार काळ काही लपत नाही, याचा इनामगावइतका सज्जड पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात इथं उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेलं ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आणलं. पुढे सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी तिथल्या सांगाड्यांचे दात तपासले. दुधाच्या सुळ्यांवरच्या खळग्यांवरून त्या काळातल्या बाळांची आबाळ कशी झाली असेल, याचाही माग त्यांनी काढला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळाच्या दुखण्याखुपण्याबद्दल आपण काहीतरी सांगू शकतो. पण गेल्या शिमग्यात जन्मलेल्या पिल्लाला पार्व्हो होऊन गेला का, असं विचारलं तर मालक आभाळाकडे बघतो. इनामगावात पुरलेल्या मोठ्या माणसांची घोट्याखालची पावलं तोडलेली आढळतात. मेलेल्यानं उठून भलतीकडे जाऊ नये म्हणून ही खबरदारी असावी, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर त्या गावानं पळून जायची खोड मेलेल्या माणसाच्या बाबतीतही ध्यानात ठेवली होती. आपण मात्र जिवंत कुत्रं साखळी तोडून दौंडच्या स्टेशनापर्यंत जातं, एवढंही सांगायला विसरतो.

असं विसरण्याचा विचार कायद्यानं दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवलाय. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ खाली एका घोड्याची उदाहरणं आहेत. ‘अ’ हा ‘ब’ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे ‘अ’ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. मात्र ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि ‘ब’ आधीच म्हणाला असेल की “तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन”, तर ‘अ’चं मौन हेच त्याचं बोलणं. थोडक्यात, परक्याच्या गळ्यात गुपचूप लंगडा घोडा मारता येतो, लेकीच्या नाही. आता दत्तकाचा व्यवहार यातल्या कुठल्या खान्यात बसतो? देणारा स्वतःच म्हणतो, “विकत नाही हो, पोटच्या पोरासारखं वाढवलंय, चांगल्या घरी पडावं एवढीच इच्छा.” नातं त्यानंच जोडलं, तेव्हा नात्याचं कर्तव्यही त्याच्याकडेच आलं. बाजारात गप्प बसायची मुभा आणि सोयरिकीचा मान, दोन्ही एकदम मिळायचे नाहीत.

यावर ठरलेला आक्षेप असा, की सगळं खरं सांगितलं तर कुत्रं नेणार कोण? उत्तर सात-बाऱ्यावर आहे. तिथं ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो, त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला चुलत्याचा हिस्सा असं सगळं अघळपघळ लिहिलेलं असतं, आणि तरीही जमिनी विकल्या जातात. बोजा कळला की माणूस पळत नाही, हिशेब करतो. शिवाय पुष्कळशा खोडी कुत्र्यापेक्षा पत्त्यात असतात. पुण्यात चौथ्या मजल्यावर रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यापायी सोसायटीची तातडीची सभा भरते. तेच कुत्रं शिरूर तालुक्यात उसाकडेच्या वस्तीवर, बिबट्याच्या टापूत नेलं, तर त्याला सकाळी भाकरीचा मोठा तुकडा मिळतो. फटाका वाजला की पलंगाखाली शिरणारं कुत्रं वस्तीच्या राखणीला कुचकामी. निवृत्त मास्तरांच्या घरी तेच गुणी ठरेल. कोंबड्या धरणारं कुत्रं कोंबड्या नसलेल्या घरात साधू असतं. खोड सांगितली की ती योग्य दारात पोचते, लपवली की चुकीच्या. आणि चुकीच्या दारातून कुत्रं नेहमी परत येतंच असं नाही. परत नेऊन द्यायची लाज वाटली, की लोक ते रात्री हायवेवरच्या एखाद्या ढाब्याशी सोडून येतात. देणाऱ्याला वाटतं, कुत्रं सुखात आहे. कारण फोन आलेला नसतो.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. जागा बदलली की स्वभाव बदलतो, मग जुन्या गुन्ह्यांची यादी नव्या घरी कशाला? बदलतो, हे मान्य. पण काय बदलायचंय हे ठाऊक असलेल्या घरात तो लवकर बदलतो. आणि काही गोष्टी पत्ता बदलून सुटत नाहीत. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही, आणि चावा व लक्षणं यांच्यामध्ये आठवडे, कधी महिने जाऊ शकतात. तेव्हा ‘मागच्या महिन्यात एका पिसाळलेल्या कुत्र्याशी झोंबी झाली होती’ हे वाक्य ‘पूर्वायुष्यातला किस्सा’ म्हणून गाळता येत नाही. “आम्हालाच ठाऊक नाही, रस्त्यावरून आणलंय” हे उत्तर मात्र चालेल, कारण तीही माहितीच आहे. कागदावर तेवढंच लिहावं. गाईच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो, त्यावरून तिच्या लशींची आणि रेतनाची नोंद सापडते; ती लाथ मारते की नाही हे बिल्ला सांगत नाही, मालकालाच सांगावं लागतं. कुत्र्याच्या लसीच्या कार्डाचीही मर्यादा तीच.

हा न्याय एकतर्फी राहिला तर मात्र तो अर्धाच. देणाऱ्यानं कुत्र्याच्या खोडी सांगायच्या, तर घेणाऱ्यानं घराच्या. आधीची कुत्री किती आणि त्यांचं काय झालं? रात्री कुठं बांधणार? उघड्या पडवीत बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढं वाढलेलं ताट. दिवाळीत सगळे गावाला गेल्यावर पाणी कोण पाजणार? आणि घरात ‘मला विचारलं होतं का?’ असं म्हणणारं माणूस कोण, त्याचा घरात शब्द किती चालतो? हे दोन्ही कागद समोरासमोर ठेवून व्यवहार करायचे ठरवले, तर पहिल्या वर्षी दत्तक जाणारी कुत्री कदाचित कमी होतील. त्याचं खापर कुत्र्यांच्या खोडींवर फुटेल. प्रत्यक्षात बरेचसे व्यवहार दुसऱ्या कागदापाशी अडतील.